एसडब्ल्यूआर सुधारला आणि आवाज गेला

प्रश्न : काका, नमस्कार. मी गोरेगाव पूर्वेला राहते, वय ४६, शाळेत गणित शिकवते. गेल्या वर्षी हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं व्हीयू३ लायसन्स मिळालं. फेब्रुवारीत सोसायटीच्या गच्चीवर ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) बँडचा डायपोल, म्हणजे मध्ये केबल जोडलेली दोन तारांची अँटेना, लावला. मध्ये टाकीला बांधलेला सहा मीटरचा जीआय पाइप, दोन्ही बाजू कठड्याकडे उतरत्या. इमारत सात मजली, आमचं घर तिसऱ्यावर, मध्ये डक्टमधून ३५ मीटर आरजी-५८ केबल. एसडब्ल्यूआर (पाठवलेल्या पॉवरपैकी किती परत येते त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) १.६ होता. ५० वॉटवर रोज सकाळी पुणे, कोल्हापूर, नागपूर, बंगळुरू छान व्हायचं. मे महिन्यात सोसायटीने अर्ध्या गच्चीवर पत्र्याची शेड घातली. मी वर जाऊन बघितलं, तारा जागच्या जागी होत्या. जुलैपासून मात्र मला कुणी ऐकतच नाही. कोल्हापूरचे एक गृहस्थ म्हणतात, "कुणीतरी आहे, पण कोण ते कळत नाही." सकाळी मला मात्र सगळे ऐकू येतात. गंमत म्हणजे एसडब्ल्यूआर आता १.२ आहे, पूर्वीपेक्षा चांगला! म्हणजे रिगच (रेडिओसेटच) बिघडला ना? एका दुकानदाराने ट्यूनर (रिगला एसडब्ल्यूआर जुळवून देणारी पेटी) घ्यायला सांगितलंय. शिवाय रोज संध्याकाळी पावणेसातला खरखर सुरू होते ती सकाळी सहाला थांबते. आणि ४०२ मधल्या आजोबांच्या म्युझिक सिस्टीममधून माझा आवाज येतो (हे फेब्रुवारीपासूनच, हल्ली कमी झालंय), म्हणून सेक्रेटरी अँटेना काढा म्हणतात. नवरा म्हणतो, सोड ना. काय करू?
— वैतागलेली व्हीयू३

ताई, रिग कुठेही नेऊ नका. उघडू नका, विकू नका. तुमच्या पत्रातच चोर सापडलाय, आणि ज्या वाक्यापुढे तुम्ही उद्गारचिन्ह दिलंय त्याच वाक्यात तो लपून बसलाय. मुंबईत जून ते जुलै या काळात आपोआप सुधारलेली एकही वस्तू मी आजवर पाहिलेली नाही. भिंतींना ओल येते, पापड सादळतात, छत्रीच्या काड्या गंजतात. उघड्या गच्चीवर पाच महिने पडलेली अँटेनाच तेवढी सुधारेल होय?

मीटर कुठे बसलाय ते आधी बघा. तो तुमच्या टेबलावर, रिगच्या शेजारी आहे. वर काय चाललंय ते त्याला दिसत नाही. किती पाठवलं आणि किती परत आलं, एवढंच तो मोजतो. समजा तुम्ही ५० लाडवांचा डबा मुलांच्या हाती सातव्या मजल्यावर धाडलात. जिन्यात पोरांनी ४२ फस्त केले, वर पोहोचले आठ. वरच्या काकूंनी तीन ठेवून घेतले, पाच परत केले. उतरताना पोरांनी त्यातलेही चार उडवले. डब्यात एक लाडू बघून तुम्ही खूश : काकूंना फार आवडले दिसतात, जवळजवळ सगळे ठेवून घेतले!

तुमच्या केबलचं अगदी हेच झालंय, आणि आकडेही मी उगाच घेतलेले नाहीत. केबलमध्ये पाणी शिरून जाताना ८ आणि येताना ८ डेसिबलची (डेसिबल हे घटीचं माप) घट होत असेल, तर ५० पैकी ८ वॉट वर पोहोचतात. शेडमुळे अँटेना बिनसली असेल आणि तिने त्यातला साठ टक्के भाग परत लोटला, तर पाचएक वॉट परतीला लागतात. खाली येईपर्यंत त्यातला पाऊण वॉट उरतो. पन्नासातला पाऊण परत आला की एसडब्ल्यूआर १.३ च्याही आत. तुम्ही गणिताच्या बाई, हे स्वतःच ताडून बघा. हवेत गेले जेमतेम तीन वॉट. केबल धड असताना पस्तीसएक जात होते; त्यावरून तीन म्हणजे जवळपास ११ डेसिबल, एस-मीटरची (ऐकणाऱ्याच्या रेडिओवर सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरची) जवळजवळ दोन घरं. फेब्रुवारीत कोल्हापुरात तुम्ही ७ वर येत असाल तर आता ५ वर येता, आणि पावसाळ्यात तिथली खरखरही तेवढीच असते. "कुणीतरी आहे, पण कोण ते कळत नाही" याचा अर्थ एवढाच. बरं, ४०२ च्या आजोबांचीही साक्ष काढा. त्यांच्या सिस्टीममध्ये तुमचा आवाज हल्ली कमी येतो. तुमच्या टेबलावरच्या मीटरपेक्षा त्यांचे स्पीकर जास्त खरं बोलतात.

मग तुम्हाला सगळे ऐकू कसे येतात? कारण केबल गिळते तेव्हा समोरच्याचा आवाज आणि बाहेरची खरखर दोन्ही सारखीच गिळते. ४० मीटरवर आधीच इतकी खरखर असते की दोन्ही कमी झालं तरी त्यांच्यातलं प्रमाण बदलत नाही. तुम्ही आवाजाची कळ जरा फिरवता आणि विसरता. पाठवताना मात्र पदरी पडतं ते नुकसानच.

हे सगळं एवढ्या खात्रीने सांगतोय कारण मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. परळला राहत असताना एका पावसाळ्यात माझा एसडब्ल्यूआर १.१ झाला. सकाळच्या नेटवर, म्हणजे हॅम मंडळींच्या रेडिओवरच्या बैठकीत, चार महिने मी त्याच्या फुशारक्या मारल्या, आणि ऐकणारे बिचारे मला "पुन्हा सांगा, पुन्हा सांगा" करत राहिले. दिवाळीआधी केबल बदलायला घेतली. खालचा प्लग कापला, तर मधल्या तारेभोवतीची तांब्याची जाळी काळीठिक्कर, हाताला चिकट. केबल टेबलाच्या कडेवरून लोंबत होती. थोड्या वेळाने तिच्या टोकातून थेंब पडायला लागला. मग दुसरा. बायकोने मुकाट्याने आमटीची वाटी आणून खाली ठेवली. रात्रीपर्यंत ती पाव भरली होती. वरच्या टोकाला, जिथे मी केबल सोलून दोन तारांना जोडली होती, तिथे तांबं हिरवं पडलं होतं. पाणी तिथून शिरतं आणि दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं जाळीतून सरकत जातं, फक्त उलट्या दिशेने, खाली.

आता कामाला लागू. क्रम महत्त्वाचा आहे : टेबलापासून सुरुवात करायची आणि गच्चीकडे जायचं. बहुतेक लोक आधी गच्ची गाठतात आणि भिजून परत येतात.

पहिलं काम घरात बसून होतं. रिगला अँटेनाऐवजी डमी लोड, म्हणजे सगळी पॉवर जिरवून टाकणारा ५० ओहमचा रेझिस्टर, लावा. लॅमिंग्टन रोडला तयार मिळतो, आणि घरीही होतो : १ किलोओहमचे, २ वॉटचे वीस रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम आणि ४० वॉट. कार्बन फिल्म किंवा मेटल ऑक्साइडचे घ्या. तारेच्या वेटोळ्याचे, म्हणजे वायरवाउंड घेऊ नका. आपल्या दृष्टीने ती गुंडाळीच असते, रेझिस्टर नव्हे. घरचा लोड असेल तर पाच-सहा सेकंदच पॉवर द्या, नाहीतर घरभर जळका वास सुटेल. मीटर १.१ आणि रिग पूर्ण पॉवर देत असेल तर रिग निर्दोष. मी पैज लावायला तयार आहे.

पुढची परीक्षा केबलची, आणि ही मला सगळ्यात आवडते, कारण तिला काहीच उपकरण लागत नाही. वरच्या टोकाला केबल अँटेनापासून सोडवायची आणि टोक तसंच उघडं ठेवायचं. खाली येऊन पाचच वॉटवर, दोन सेकंद, एसडब्ल्यूआर बघायचा. नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल तपासायचं खिशातलं यंत्र) असेल तर त्यानेच बघा, रिगला त्रास नको. पुढे काहीच जोडलेलं नाही, म्हणजे पाठवलेलं सगळं परत यायला हवं. ३५ मीटरच्या धडधाकट आरजी-५८ वर ७ मेगाहर्ट्झला मीटर ६ च्या वर उडी मारेल. तुमचा मीटर मात्र १.४ वर शांत बसला, तर समजा की अँटेना असली काय नि नसली काय, त्याला पत्ताच नाही. तीनच्या खाली काहीही आलं तरी केबल गेली असं धरून चाला.

मल्टिमीटरनेही बघता येतं, पण त्याच्यावर फार विसंबू नका. वरचं टोक उघडं असताना मधली पिन आणि जाळी यांच्यात काहीच वाचन यायला नको. लाखाच्या घरातला जरी आकडा दाखवला तरी ओल आहे. मग वर पिन आणि जाळी सेफ्टी पिनने जोडा; खाली दोनएक ओहम दिसायला हवेत. दहा-पंधरा दिसले तर कुठेतरी सोल्डर सुटलाय किंवा जाळी खाल्ली गेलीय. पण या दोन्ही परीक्षांत पास झालेली केबलसुद्धा ७ मेगाहर्ट्झला नापास होऊ शकते. बॅटरीवर चालणाऱ्या मीटरला रेडिओ लहरींचं दुखणं कळत नाही.

वर जाण्याबद्दल एक सांगतो, त्यात घासाघीस नको. उघडीप बघून जा. शेवाळावर आणि ओल्या पत्र्यावर पाय ठेवायचा नाही, पत्र्यावर तर कोरड्या दिवशीही नाही. एकट्याने नाही, सोड ना म्हणणाऱ्या नवऱ्याला सोबत न्या. पाइप उतरवताना तो आडवा कुठे पडेल ते आधी बघून ठेवा, विजेच्या तारा त्या अंतरात नकोत. ढगांत गडगडाट असेल तर त्या दिवशीची सगळी कामं रद्द.

केबल नवीनच घ्या. जुनी वाळवून परत वापरण्याचा मोह होईल, मलाही झाला होता. काळी पडलेली जाळी पुन्हा तांबूस होत नाही. आरजी-२१३ घ्यायची का, असं तुम्ही विचारणार. ३५ मीटरला ७ मेगाहर्ट्झवर चांगली आरजी-५८ तुमच्या ५० पैकी ३६-३७ वॉट पोहोचवते, २१३ साधारण ४३. हा फरक कोल्हापुरात कुणाच्या कानाला कळणार नाही. २१३ बोटाएवढी जाड, जड आणि महाग. १४४ मेगाहर्ट्झला ती हवीच, तुम्हाला नको. त्यापेक्षा दाट जाळीची, खऱ्या तांब्याची ५८ शोधा. दुकानात टोक सोलून दाखवा म्हणा, लाजू नका. जाळीतून आतलं पांढरं इन्सुलेशन मोकळं दिसत असेल तर पुढच्या दुकानात जा. टीव्हीची आरजी-६ घेऊ का, असंही काही जण विचारतात. ७५ ओहमची असल्यामुळे लोक तिला नाकं मुरडतात, पण डायपोलला ती मुळीच वाईट नाही आणि घटही कमी. अडचण एवढीच की तिच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला सोल्डर धरत नाही.

खरी कसोटी वरच्या जोडाची. पीएल-२५९ प्लग नुसता पिळून बसवलेला असतो, पाणी थोपवायची त्याची बिशाद नाही. जाळी त्याच्या चारही भोकांतून नीट सोल्डर करा. वर रबरी टेप गुंडाळा, तो स्वतःलाच चिकटून एकजीव होणारा, विजेच्या दुकानात स्प्लाइसिंग टेप म्हणून मिळतो. ताणून, अर्ध्यावर अर्धा येईल असा. आणि गुंडाळायचा खालून वर. कोकणातल्या घराची कौलं कशी असतात, वरचं कौल खालच्यावर, म्हणजे पाणी सांध्यात न शिरता ओघळून जातं? तसंच. वरून खाली गुंडाळलेला टेप प्रत्येक वेढ्याला पन्हळ होतो आणि पाणी आत नेऊन सोडतो. त्यावर काळा पीव्हीसी टेप, उन्हासाठी. एम-सीलचे गोळे थापू नका; पुढच्या वेळी छिन्नी घेऊन बसावं लागतं. केबल खिडकीतून आत येण्याआधी बाहेरच एक झोळ सोडा, म्हणजे ओघळ तिथून खाली टपकेल, तुमच्या रिगच्या मागे नाही.

आता पत्र्याची शेड. तुम्ही वर गेलात आणि तारा जागच्या जागी दिसल्या, म्हणून तुम्हाला वाटलं काही बदललं नाही. तारा होत्या तिथेच आहेत, त्यांच्या खालची जमीन वर आलीय. अर्धी अँटेना स्लॅबवर, अर्धी पत्र्यापासून जेमतेम मीटरभर. इतक्या जवळ धातूचा पसारा आला की डायपोलचे ५०-७० ओहम घसरून फार खाली जातात, रेझोनन्स, म्हणजे अँटेना जिला जुळते ती फ्रिक्वेन्सी, बँडमधून सरकतो, आणि दोन बाजू असमान झाल्यामुळे केबलच्या बाहेरच्या अंगाने करंट वाहायला लागतो. त्यात पत्रे एकमेकांना गंजक्या स्क्रूंनी जोडलेले. असा गंजका सांधा म्हणजे बिनपगारी डायोड. तुमची लहर तो मोडतोड करून भलत्याच फ्रिक्वेन्सींवर पुन्हा फेकू शकतो.

माझ्या मते पाइप आहे तिथेच ठेवा आणि शेडवरची बाजू फिरवून उघड्या अर्ध्याकडे आणा. इंग्रजी एलसारखा काटकोन झाला तरी चालेल. डायपोल सरळ रेषेतच हवा असा काही दंडक नाही. काम करतो तो मधला भाग, जिथे करंट जास्त असतो. टोकांचा शेवटचा दीड-दोन मीटर कठड्याच्या बाजूने वळवला तरी फार बिघडत नाही. फक्त टोकांना व्होल्टेज जास्त असतं, ती कपडे वाळत घालणाऱ्यांच्या हाताला लागू नयेत. जागा अगदीच नसेल तर मी पाइप उंच करण्याच्या भानगडीत पडणार नाही; २० मीटर बँडचा दहा मीटर लांबीचा डायपोल उघड्या अर्ध्यात मजेत बसतो आणि परदेश चांगला लागतो. पण मग पुणे-कोल्हापूर विसरा, १४ मेगाहर्ट्झ त्यांच्या डोक्यावरून उडून जाईल. तुमचा जीव सकाळच्या गप्पांत अडकलाय हे पत्रातून कळतं, तेव्हा ४० च धरा.

जागा बदलली की लांबी पुन्हा जुळवावी लागेल. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, ७.१ साठी २० मीटर आणि थोडं, म्हणजे एका बाजूला दहा. प्रत्येक बाजूला ३० सेंटिमीटर जास्त ठेवून मागे दुमडून घ्या, कापू नका. कापलेली तार परत जोडायला गच्चीवर सोल्डरिंग आयर्न न्यावं लागतं आणि तिथे प्लग कधीच नसतो. दोन्हीकडे पाच-पाच सेंटिमीटर कमी केले की रेझोनन्स साधारण ३५ किलोहर्ट्झने वर जातो. आपला बँड ७.० ते ७.२, मध्यावर आणून सोडा. आणि हो, मग १.५ किंवा १.६ आला तर त्याच्या मागे लागू नका. दीडला फक्त चार टक्के परत येतात. फेब्रुवारीतला तुमचा १.६ खरा होता, त्याच्यावर तुमचं कोल्हापूर होत होतं.

या बँडचा विषय निघालाच आहे तर : १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी याच मुंबईतून काँग्रेस रेडिओ चालवला तो ४२.३४ मीटरवर. गणित केलंत तर ७.०८ मेगाहर्ट्झ येतात, म्हणजे आज आपण जिथे सकाळी हवापाण्याच्या गप्पा मारतो तीच आळी. पोलीस मागावर, म्हणून सतत जागा बदलायची, दर वेळी नव्या घरात ट्रान्समीटर आणि एरियल. नोव्हेंबरात त्या पकडल्या गेल्या. सोसायटीच्या सेक्रेटरीवर आपण चिडतो तेव्हा मला हे आठवतं.

संध्याकाळच्या खरखरीचं कोडं तुम्हीच सोडवून दिलंय. पावणेसातला सुरू, सहाला बंद, रोज? हवामान किंवा आयनोस्फिअर इतकं वक्तशीर नसतं. जिन्यातले दिवे टायमरवर आहेत का ते बघा. स्वस्तातल्या एलईडी दिव्यांत वीज बदलून देणारी जी चिमुकली सर्किटं असतात, त्यांत फिल्टर गाळलेला असतो, आणि ती जिन्याच्या सगळ्या वायरिंगला अँटेना करून टाकतात. खात्री करायला आधी स्वतःचं घर वगळा. मेन स्विच बंद करून रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर नुसता ऐका. खरखर तशीच राहिली तर दोष बाहेरचा. कमी झाली तर एकेक एमसीबी चढवत जा, चार्जर किंवा राउटरचा ॲडॉप्टर पकडला जाईल. मग खिशातला जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधे लावून जिना चढा. ज्या दिव्यापाशी तो कोकलेल तो गुन्हेगार. एक-दोन दिवे स्वखर्चाने बदलून दिलेत तर कुणी नाही म्हणणार नाही. लिफ्टची मोटर हा वेगळा प्राणी, ती चालते तेव्हाच गुरगुरते. तिच्याशी जुळवून घ्या.

४०२ चं प्रकरण फेब्रुवारीपासूनचं, म्हणजे शेडच्या आधीचं. तुमच्या वर्णनात बालनचा (केबलच्या बाहेरच्या अंगाचा करंट अडवणाऱ्या जोडाचा) उल्लेख कुठेच नाही, तेव्हा तो नाहीच असं धरतो. अशा वेळी केबलची जाळी बाहेरच्या अंगाने स्वतःच लहर फेकते, आणि तुमची केबल डक्टमधून इंटरकॉम, केबल टीव्ही नि कुणाकुणाच्या वायरींच्या गळ्यात गळा घालून उतरते. चौथा मजला वाटेवरच आहे. रिगला हात लावताना किंवा माइक ओठाशी आणताना कधी झिणझिणी आली असेल तर तेही यातलंच. उपाय स्वस्त आहे. अँटेनाच्या जोडाखालीच सहा मीटर केबल चार इंची पीव्हीसी पाइपवर शेजारी शेजारी गुंडाळा, सोळा-सतरा वेढे होतील. हाच चोक. प्लंबरकडे पाइपचा तुकडा फुकट मिळतो. फेराइटची (लोहचुंबकी पदार्थाची) मोठी रिंग मिळाली तर तिच्यावर दहा-बारा वेढे घ्या, ते आणखी चांगलं. केबल विकत घेताना हे सहा मीटर जास्त मोजा, नाहीतर ऐन वेळी खिडकीपर्यंत पुरणार नाही. आणि नवीन केबल ओढतानाच ती डक्टच्या दुसऱ्या कोपऱ्यातून आणा.

एवढं करून आजोबांकडे जा. आधी नाही, कारण केबल बरी झाली की तुमची पॉवर परत येणार आणि चोक नसेल तर त्यांचा त्रासही परत येणार. त्यांच्या स्पीकरच्या वायरींवर आणि पॉवर कॉर्डवर फेराइटचे क्लिप बसवून द्या. मात्र त्यांच्यासमोर बसून, घरी फोन करून नवऱ्याला रिगवर 'एक, दोन, तीन' बोलायला नका सांगू, त्याच्याकडे लायसन्स नाही. उलट करा, तुम्ही रिगवर आणि नवरा आजोबांपाशी. दोष त्यांच्या सिस्टीमचाही असतो, पण हे वाक्य त्या घरात उच्चारू नका.

सेक्रेटरींना तोंडी काही सांगू नका, लेखी द्या. लायसन्सची प्रत, अँटेनाचा फोटो, आणि एक ओळ ठळक : गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला एकही भोक पाडलेलं नाही, पाडणार नाही. मुंबईत सेक्रेटरीची झोप रेडिओ लहरींनी उडत नाही, गळतीने उडते. दोर बांधायला आधार लागला तर रंगाच्या रिकाम्या डब्यात काँक्रीट भरून ठेवा. कधी कमिटीसमोर बोलायची वेळ आलीच तर २६ जुलै २००५ ची आठवण द्या : सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि कुणाचा मोबाइल कुणाला लागत नव्हता. २००४ च्या त्सुनामीत भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी योगायोगाने हौशी रेडिओच्याच मोहिमेवर अंदमानात होते. पोर्ट ब्लेअरहून निरोप बाहेर पोहोचवले ते त्यांनी. लांबण लावू नका, दोन वाक्यं पुरतात. कमिटीतले लोक पाऊस विसरलेले नसतात.

ट्यूनरबद्दल विसरत होतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशातला तो प्रकार. टेबलावरचा ट्यूनर रिगला खूश करतो, केबलने खाल्लेलं परत देत नाही. तुमचा रिग तर १.२ बघून आधीच खूश आहे. ते पैसे केबलला आणि फेराइटला घाला, उरतील त्यात पेढे आणा ४०२ साठी.

आणि परतीचा पाऊस यायच्या आत एक सवय लावून घ्या : रेडिओ झाला की केबल रिगपासून काढून ठेवायची. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या विजा जुलैच्या पावसासारख्या नसतात. नुसता स्विच बंद करून भागत नाही. माझा प्लग खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत असतो, गेली कितीतरी वर्षं. बरणी तीच, लोणचं संपलेलं.

जुनी केबल उतरवलीत की तिचं एक टोक वर बांधा, खालचा प्लग कापा आणि खाली एक वाटी ठेवा. किती भरली ते मला कळवा. माझी पाव भरली होती.